वरच्या अंगाला काय साठवलंय? चार्ल्स्टन नावाच्या छोट्या राजधानीची गोष्ट

(आपल्या ऑडिओ भागाचा हा लिखित मजकूर. बोलताना झालेली पुनरुक्ती तेवढी कमी केली आहे, बाकी बोलणं तसंच ठेवलंय.)

कानात इअरफोन आहेत, की बसमध्ये बसून नुसतं वाचताय? कसंही चालेल. आज आपण एका अशा शहरात जाणार आहोत, ज्याचं नाव तुम्ही बहुतेक ऐकलेलं नाही. पण त्या राज्यावरचं गाणं मात्र नक्की ऐकलंय.

कॉलेजची ट्रिप आठवा. रात्री कुणीतरी गिटार काढतं आणि हमखास एक इंग्रजी गाणं सुरू होतं. जॉन डेन्व्हरचं, १९७१ सालचं 'टेक मी होम, कंट्री रोड्स'. त्यात ज्या राज्याचं नाव घेऊन सगळे घसा फोडतात, ते वेस्ट व्हर्जिनिया. गंमत म्हणजे ज्या जोडीनं हे गाणं लिहायला घेतलं, त्या बिल डॅनॉफ आणि टॅफी निव्हर्ट यांनी तेव्हा ते राज्य नीट पाहिलेलंही नव्हतं! तरी गाणं इतकं चिकटलं, की मार्च २०१४ मध्ये राज्यानं त्याला अधिकृत राज्यगीतांमध्ये जागा दिली.

आता प्रश्न असा, की या वेस्ट व्हर्जिनियाची राजधानी कुठली? उत्तर आहे चार्ल्स्टन. आणि राज्यगीताचा तो ठराव झाला, त्याच्या दोनच महिने आधी याच राजधानीत नळाचं पाणी प्यायची, त्यात स्वयंपाक करायची, अंघोळ करायची, अगदी हात धुवायचीही बंदी होती. राजधानीचं शहर, अमेरिकेसारखा देश, आणि नळाला पाणी असून हात लावायचा नाही.

हे कसं झालं, ते समजायचं तर आधी शहर समजून घ्यायला हवं. चला.

तो चार्ल्स्टन नव्हे

गुगलवर शोधलंत तर आधी दुसराच चार्ल्स्टन येईल. साउथ कॅरोलायनातला, समुद्रकाठचा, पर्यटकांचा. आपला चार्ल्स्टन डोंगरातला आहे.

अमेरिकेच्या पूर्व बाजूला ॲपलाचियन नावाची जुनी, झिजलेली डोंगररांग आहे. हिमालयासारखी टोकदार शिखरं नाहीत, एकामागून एक हिरवे डोंगर आणि मधे अरुंद दऱ्या. या डोंगराळ पट्ट्याला ॲपलाचिया म्हणतात. सरकारी व्याख्येप्रमाणे हा पट्टा अनेक राज्यांत पसरलाय, पण पूर्णच्या पूर्ण त्यात बसणारं राज्य एकच, वेस्ट व्हर्जिनिया.

चार्ल्स्टन वसलंय दोन नद्यांच्या संगमावर. मोठी नदी कनॉवा, तिला येऊन मिळणारी छोटी नदी एल्क. तिथली मंडळी कनॉवा म्हणतच नाहीत बरं का, नुसतं 'कनॉ' म्हणतात. शेवटचं अक्षर गिळायचं. तसा उच्चार केलात तर अर्धे तिथलेच वाटाल.

दोन्ही बाजूंना डोंगर आणि मधे सपाट जागेची एक चिंचोळी पट्टी. घरं, कारखाने, रेल्वे, रस्ते, सगळं त्या पट्टीतच कोंबलेलं. सपाट जमिनीची इतकी टंचाई, की विमानतळ बांधायला डोंगरांचे माथे कापून मधल्या घळी भरल्या. १९४७ मध्ये तो सुरू झाला. आज त्याला चक येगर या वैमानिकाचं नाव आहे. आवाजापेक्षा जास्त वेगानं पहिल्यांदा विमान उडवणारा तो हाच, आणि तोही याच राज्यातला. त्याचा तो पराक्रमही १९४७ चाच.

आणि शहर केवढं? २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या ४८,८६४. म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी. पण १९६० मध्ये हाच आकडा ८५,७९६ होता. साठ वर्षांत शहर जवळजवळ निम्म्यावर आलं. माणसं कुठे गेली, हा प्रश्न डोक्यात ठेवा.

आधी मीठ

समुद्रापासून शेकडो किलोमीटर लांब असलेल्या या दरीचा पहिला मोठा धंदा होता मिठाचा.

कोट्यवधी वर्षांपूर्वी तिथे समुद्र होता. त्याचं खारं पाणी जमिनीखाली अडकून राहिलं आणि काही ठिकाणी झऱ्यासारखं वर यायचं. हरणं, रानरेडे ते चाटायला जमायचे. १८०८ मध्ये डेव्हिड आणि जोसेफ रफनर या भावांनी पोकळ झाडाचं खोड जमिनीत उभं करून त्यातून खडक भेदला आणि खोलवरचं जास्त खारं पाणी वर काढलं. मग काय, नदीकाठी भट्ट्याच भट्ट्या उभ्या राहिल्या. खारं पाणी उकळायचं, मीठ पिंपात भरायचं आणि होड्यांतून खाली ओहायो नदीकडे पाठवायचं. सिनसिनाटीत डुकराचं मांस खारवण्याचा मोठा धंदा होता, त्याला हे मीठ लागायचं.

भट्ट्या पेटवायला आधी लाकूड वापरलं. जवळपासची झाडं संपली, मग कोळसा खणला. म्हणजे या दरीत कोळशाचा धंदा सुरू झाला, तो मिठासाठी. आणि हे सगळं काम करत कोण होतं? मोठ्या प्रमाणावर गुलाम. पूर्वेकडच्या मालकांकडून भाड्यानं आणलेले कृष्णवर्णीय गुलाम.

चार्ल्स्टनच्या जरा वरच्या बाजूला मॉल्डन नावाचं गाव आहे. गुलामी संपल्यावर १८६५ मध्ये तिथे नऊ वर्षांचा एक मुलगा आईबरोबर आला. त्याचे सावत्र वडील मिठाच्या कामावर होते, तोही कामाला लागला. प्रत्येक कामगाराच्या पिंपांवर एक आकडा घालायचे. सावत्र वडिलांचा आकडा होता १८. त्या मुलानं आयुष्यात पहिल्यांदा जे वाचलं ते हे, पिंपावरचं १८. तो मुलगा म्हणजे बुकर टी. वॉशिंग्टन, पुढे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या शिक्षणातलं एक मोठं नाव.

बोटीतून आलेली राजधानी

वेस्ट व्हर्जिनिया हे राज्यच मुळी भांडणातून जन्मलं. अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं. व्हर्जिनिया राज्य दक्षिणेच्या, म्हणजे गुलामी टिकवू पाहणाऱ्यांच्या बाजूनं गेलं. त्याच्या पश्चिमेकडच्या डोंगराळ भागानं वेगळं व्हायचं ठरवलं आणि २० जून १८६३ ला नवीन राज्य झालं.

राज्य झालं, पण राजधानी कुठे? आधी उत्तरेला व्हीलिंग. १८७० मध्ये चार्ल्स्टन. १८७५ मध्ये परत व्हीलिंग. सरकारी दप्तर, सामानसुमान बोटीत घालून नदीतून न्यायचं आणि काही वर्षांनी परत आणायचं! म्हणून लोक तिला 'तरंगती राजधानी' म्हणायला लागले. शेवटी १८७७ मध्ये लोकांनाच मत द्यायला सांगितलं. चार्ल्स्टनचा प्रचार करायला राज्यभर फिरलेल्या वक्त्यांमध्ये आपला तो पिंपावरचा आकडा वाचणारा तरुण, बुकर वॉशिंग्टनही होता. चार्ल्स्टन जिंकलं आणि १८८५ पासून राजधानी कायमची तिथे आली.

पण नशीब बघा. १९२१ च्या जानेवारीत राजधानीची इमारत जळाली. घाईनं लाकडाची तात्पुरती इमारत बांधली, तीही १९२७ मध्ये जळाली. मग मात्र कॅस गिल्बर्ट या नामांकित वास्तुरचनाकाराला बोलावलं. न्यू यॉर्कची वूलवर्थ इमारत त्याची, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाची इमारतही त्याचीच. त्यानं नदीकाठी उभारलेलं कॅपिटॉल १९३२ मध्ये पूर्ण झालं. सोन्याचा वर्ख लावलेला घुमट, सुमारे २९२ फूट उंच, वॉशिंग्टन डीसीतल्या कॅपिटॉलपेक्षाही काही फुटांनी वर. जागतिक मंदीच्या ऐन काळात अमेरिकेतल्या एका गरीब राज्यानं ते उभं केलं. आजही शहरात शिरताना आधी तोच दिसतो.

रसायनांची दरी

आता या गोष्टीतला सगळ्यात महत्त्वाचा भाग. जरा लक्ष द्या.

रसायनाचा कारखाना काढायला काय लागतं? पाणी, इंधन, मीठ, वाहतूक. आणि चार्ल्स्टनच्या दरीत काय होतं? नदी, कोळसा, नैसर्गिक वायू, जमिनीखालचं खारं पाणी, रेल्वे. सगळं एकाच ठिकाणी! पहिल्या महायुद्धात जवळच बंदुकीची दारू बनवणारं एक आख्खं गावच वसवलं, नावच ठेवलं नायट्रो. मग १९२० मध्ये युनियन कार्बाइड या कंपनीनं जवळच्या क्लेन्डेनिन गावी नैसर्गिक वायूपासून रसायनं बनवायला सुरुवात केली आणि पाच वर्षांत साउथ चार्ल्स्टनला बस्तान हलवलं. ड्यूपाँ आली, इतर आल्या. गाडीच्या रेडिएटरमध्ये घालायचं अँटिफ्रीज, प्लॅस्टिक, नायलॉनचा कच्चा माल, दुसऱ्या महायुद्धात कृत्रिम रबर, सगळं या दरीतून बाहेर पडायला लागलं. लोक तिला 'केमिकल व्हॅली' म्हणायचे, अभिमानानं.

अभिमान का नसावा? खाणीत आयुष्य काढलेल्या माणसाच्या मुलाला पक्की नोकरी, चांगला पगार, स्वतःचं घर, गाडी. १९६० चा तो ८५ हजारांचा आकडा आठवतोय ना? तो याच भरभराटीचा. हवेत वास यायचा, नदीचं पाणी बिघडलं होतं, पण घर त्याच धुरावर चालत होतं.

नंतर यंत्रं आली, माणसं कमी लागायला लागली. कंपन्या विकल्या गेल्या, तुटल्या, हलल्या. खाणींचंही तसंच. तीन मोठे महामार्ग या छोट्या शहरात येऊन मिळाले आणि त्यांच्या वाटेत 'ट्रँगल' नावाची कृष्णवर्णीयांची जुनी वस्ती पाडली गेली. तरुण मुलं कामासाठी त्याच महामार्गांनी बाहेर पडली. २०१० ते २०२० या दहा वर्षांत देशात टक्क्यांच्या हिशोबानं सगळ्यात जास्त लोकसंख्या गमावणारं राज्य वेस्ट व्हर्जिनियाच होतं.

म्हणजे नोकऱ्या बऱ्याच गेल्या. टाक्या मात्र राहिल्या.

भोपाळशी असलेलं नातं

युनियन कार्बाइड हे नाव ऐकून तुमच्यातल्या बऱ्याच जणांना काहीतरी आठवलं असेल. बरोबर. भोपाळ.

२ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री भोपाळच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट हा विषारी वायू सुटला. थोडक्यात एमआयसी. झोपेत असलेली हजारो माणसं गेली, लाखोंना त्रास झाला, आणि त्याचे परिणाम आजही संपलेले नाहीत.

हेच एमआयसी युनियन कार्बाइड अमेरिकेत एकाच ठिकाणी बनवायची. चार्ल्स्टनच्या पश्चिमेला, त्याच कनॉवा नदीकाठी, इन्स्टिट्यूट नावाच्या वस्तीत. हो, वस्तीचं नावच इन्स्टिट्यूट, कारण तिथे कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठी १८९१ मध्ये सुरू झालेली एक शिक्षणसंस्था आहे. आजचं वेस्ट व्हर्जिनिया स्टेट विद्यापीठ. नासाच्या अवकाशमोहिमांची गणितं करणाऱ्या कॅथरिन जॉन्सन १९३७ मध्ये इथूनच पदवीधर झाल्या. त्या विद्यापीठाला लागूनच हा कारखाना.

भोपाळची बातमी आली तेव्हा या वस्तीतल्या लोकांच्या मनात काय आलं असेल, विचार करा. तोच वायू, तीच कंपनी, आणि कुंपणापलीकडे आपलं घर. कारखान्यातलं एमआयसी काही महिने बंद ठेवलं, सुरक्षेवर खर्च केला आणि मे १९८५ मध्ये उत्पादन पुन्हा सुरू झालं. तीनच महिन्यांत, ११ ऑगस्ट १९८५ ला त्याच कारखान्यातून दुसऱ्या एका रसायनाची गळती झाली. सुमारे १३५ जणांना दवाखान्यात न्यावं लागलं. लोकांना इशारा द्यायलाही उशीर झाला.

भोपाळ आणि इन्स्टिट्यूट, या दोन घटनांनंतर अमेरिकेनं १९८६ मध्ये एक कायदा केला. लोकांच्या 'माहितीच्या हक्काचा' कायदा म्हणतात त्याला. आपल्याकडच्या आरटीआयपेक्षा हा वेगळा. यात काय, की धोकादायक रसायन साठवणाऱ्या कंपनीनं काय साठवलंय, किती साठवलंय, हे दरवर्षी स्थानिक यंत्रणेला लिहून द्यायचं. आणि त्या यंत्रणेनं काही विपरीत घडलं तर काय करायचं, याची तयारी ठेवायची. हा कायदा आज पूर्ण अमेरिकेला लागू आहे, आणि त्याच्या मुळाशी आपल्या भोपाळची माणसं आहेत.

मग प्रश्न सुटला? नाही. कारखान्याचे मालक बदलत गेले, एमआयसी तिथेच राहिलं. २८ ऑगस्ट २००८ ला तिथे स्फोट झाला. तेव्हा मालक बायर ही कंपनी होती. दोन कामगार मेले. एमआयसीची टाकी स्फोटाच्या जागेपासून जवळच होती, ती वाचली म्हणून बरं. त्या रात्री काउंटीची आपत्कालीन यंत्रणा कारखान्याला फोन करून विचारत होती, की नेमकं काय पेटलंय? आणि कारखान्याकडून धड उत्तर मिळत नव्हतं. कायदा होऊन तेव्हा बावीस वर्षं झाली होती!

तिथे रासायनिक अपघातांची चौकशी करणारं एक केंद्रीय मंडळ आहे. त्यानं २०११ च्या अहवालात सांगितलं, की या काउंटीनं कारखान्यांची स्वतः नियमित तपासणी करणारी व्यवस्था उभी करावी. एमआयसीचं उत्पादन त्याच वर्षी कायमचं थांबलं. ती व्यवस्था मात्र २०१४ उजाडलं तरी उभी राहिली नव्हती.

९ जानेवारी २०१४

आता येऊ त्या पाण्याच्या दिवसाकडे.

गुरुवारची सकाळ. एल्क नदीच्या आसपास राहणाऱ्या लोकांना हवेत ज्येष्ठमधासारखा गोडसर वास यायला लागला. तक्रारी गेल्या. पर्यावरण खात्याची माणसं वास हुंगत नदीकाठच्या एका टाक्यांच्या आवारात पोचली. आवार फ्रीडम इंडस्ट्रीज नावाच्या कंपनीचं. एका जुन्या टाकीच्या तळाला भोक पडलं होतं आणि आतलं रसायन जमिनीतून नदीत उतरत होतं. अशा टाक्यांभोवती गळती अडवायला भिंत असते, पण ती भिंतच फुटकी होती.

रसायनाचं नाव लांबलचक, थोडक्यात एमसीएचएम. कशाला वापरतात? खाणीतून आलेला कोळसा धुवायला. सुमारे १०,००० गॅलन, म्हणजे जवळपास ३८,००० लिटर गेलं. आपल्याकडच्या भाषेत पाण्याचे चार टँकर.

आणि या टाक्यांपासून नदीच्या खालच्या अंगाला जेमतेम अडीच किलोमीटरवर काय होतं? चार्ल्स्टन आणि आसपासच्या सगळ्या भागाच्या पाणीपुरवठ्यासाठी पाणी उचलण्याची जागा. एकमेव. दुसरा पर्याय नव्हताच.

संध्याकाळी सहाच्या सुमाराला आदेश आला. पाणी वापरू नका. उकळूनही नाही. फक्त संडासात ओतायला आणि आग विझवायला. नऊ काउंट्यांमधली सुमारे तीन लाख माणसं. काही तासांत दुकानांतल्या पाण्याच्या बाटल्या संपल्या. शाळा बंद, हॉटेलं बंद. दवाखान्यांची पंचाईत. लहान बाळाचं दूध कशात कालवायचं? दुसऱ्या दिवशी राष्ट्राध्यक्ष ओबामांनी आणीबाणी जाहीर केली आणि टँकर, बाटल्या यायला लागल्या. आधी ठरवून केल्यासारखं वाटेल, पण खरंच राज्याच्या विधिमंडळाचं अधिवेशन आदल्याच दिवशी सुरू झालं होतं. म्हणजे नियम करणारी माणसंही त्याच शहरात, त्याच नळावर.

पण मला सगळ्यात जास्त खटकलं ते पुढचं. हे रसायन माणसाच्या शरीराला नेमकं काय करतं, याची पुरेशी माहिती कुणाकडे नव्हती. किती प्रमाण चालेल, हे तज्ज्ञांना अपुऱ्या कागदांवरून ठरवावं लागलं. आठवडाभरानं टप्प्याटप्प्यानं बंदी उठली, तरी लोकांना नळ उघडला की तो वास यायचा. गरोदर बायकांना अजून सांभाळा म्हणून सांगितलं. आणि जवळजवळ दोन आठवड्यांनी कंपनीनं कबूल केलं, की अहो, टाकीत आणखी एक रसायन मिसळलेलं होतं!

मग माहितीच्या हक्काच्या त्या कायद्याचं काय झालं? हेच तर सांगायचंय. फ्रीडमनं एमसीएचएमचा साठा असल्याचं नियमाप्रमाणे सरकारी फॉर्मवर लिहून दिलं होतं. कागद होता. पण नदीच्या वर ही टाकी आहे आणि खाली आपला नळ आहे, तर उद्या टाकी फुटली तर काय, हा प्रश्न त्या कागदावरून कुणी विचारला नव्हता. माहिती फाइलमध्ये होती, उपयोगात नव्हती.

गळतीनंतर आठच दिवसांत कंपनीनं दिवाळखोरी जाहीर केली. तिच्या अध्यक्षाला पुढे शिक्षा झाली, ३० दिवसांची कैद. पाणीपुरवठा कंपनी आणि रसायन बनवणारी कंपनी यांच्याकडून लोकांना भरपाई म्हणून जास्तीत जास्त १५ कोटी १० लाख डॉलरची तडजोड ठरली. विधिमंडळानं त्याच मार्चमध्ये टाक्यांची नोंदणी आणि तपासणी सक्तीची करणारा कायदा केला. आणि पुढच्याच वर्षी, २०१५ मध्ये, तो सैल करून बऱ्याच टाक्या त्यातून वगळल्या.

म्हणजे गाणं राज्यगीत झालं, तो महिना आणि टाक्यांचा कायदा झाला, तो महिना एकच. गाणं अजून तसंच आहे. कायदा मात्र वर्षभरात पातळ झाला.

विचारणारी माणसं

हे ऐकून वाटेल, काय हे शहर, नुसतं सोसतंय. तसं नाही. या शहरात प्रश्न विचारणारीही माणसं आहेत.

इथला पेपर आहे चार्ल्स्टन गॅझेट-मेल. छोट्या शहराचा छोटा पेपर. त्याचा बातमीदार एरिक आयर यानं वेदनाशामक गोळ्यांच्या व्यसनाच्या मुळाशी जायचं ठरवलं. कंपन्यांनी राज्यात किती गोळ्या पाठवल्या, याचे आकडे बाहेर येऊ नयेत म्हणून कोर्टात लढाई झाली. पेपर मागे हटला नाही. आकडा निघाला, सहा वर्षांत ७८ कोटी गोळ्या. राज्याची लोकसंख्या अठरा लाखांच्या आसपास. माणशी चारशेहून जास्त! त्याच काळात अशा गोळ्यांच्या अतिसेवनानं १,७२८ माणसं मेली. २०१७ मध्ये आयरला पुलित्झर मिळालं. आणि पुढच्याच वर्षाच्या सुरुवातीला त्याच पेपरवर दिवाळखोरीत जाऊन विकलं जायची वेळ आली. पेपर वाचला, मालक बदलले.

त्याच २०१८ च्या फेब्रुवारीत आणखी एक गोष्ट घडली. पगार कमी, आरोग्यविम्याचा खर्च वाढतोय, म्हणून राज्यातले शिक्षक संपावर गेले. संपाचा कायदेशीर हक्क नसताना, राज्याच्या सगळ्या ५५ काउंट्यांमधले, सुमारे २०,००० शिक्षक. कॅपिटॉलचे ते संगमरवरी जिने माणसांनी भरून गेले. बऱ्याच जणांच्या गळ्यात लाल रुमाल होते. ते का? तर १९२१ मध्ये चार्ल्स्टनजवळच्या मार्मेट गावातून हजारो खाणकामगार हक्कासाठी निघाले होते, तेव्हा त्यांच्या गळ्यात लाल रुमाल होते. शंभर वर्षांनीही ती खूण लोकांच्या लक्षात आहे. २२ फेब्रुवारीला सुरू झालेला संप ६ मार्चला पाच टक्के पगारवाढ घेऊन संपला.

कधी गेलात तर

कधी जाणं झालंच, तर कॅपिटॉल बघा. त्याच आवारात कल्चर सेंटर आहे. तिथल्या थिएटरात 'माउंटन स्टेज' नावाचा, १९८३ पासून चालू असलेला रेडिओ कार्यक्रम लोकांसमोर ध्वनिमुद्रित होतो. दूरदूरचे गायक इथे येऊन वाजवतात आणि तो देशभर ऐकला जातो. आपल्यासारख्या कानांनी जग फिरणाऱ्यांसाठी तर तीर्थक्षेत्रच!

उन्हाळ्यात शुक्रवारी संध्याकाळी नदीच्या काठावर फुकट गाण्यांचे कार्यक्रम असतात. लोक पायऱ्यांवर बसतात, समोरून होड्या जातात. सकाळी टुडर्स बिस्किट वर्ल्डमध्ये नाश्ता करा. १९८० मध्ये इथेच सुरू झालेलं दुकान. तिथलं बिस्किट म्हणजे आपलं चहात बुडवायचं नव्हे, मऊ, जाडजूड पावासारखं असतं. आणि मॉल्डनला जा. तिथे त्या जुन्या मीठवाल्या घराण्यातल्या सातव्या पिढीच्या बहीण-भावांनी २०१३ मध्ये पुन्हा मीठ काढायला सुरुवात केली. तेच जमिनीखालचं खारं पाणी, पण आता भट्टी नाही, उन्हात वाळवतात.

मला या शहराबद्दल विचार करताना एक गोष्ट सारखी जाणवली. त्याला जे मिळालं ते नदीनं दिलं. मीठ, राजधानी, कारखाने, नोकऱ्या. आणि जे गेलं तेही त्याच नदीतून गेलं. लोकांना नोकरी हवी होती, यात त्यांचं काहीच चुकलं नाही. पण नोकरी देणाऱ्याला 'टाकीत काय आहे?' असं विचारणं म्हणजे नोकरीच्या विरोधात जाणं, असं तिथे अनेक वर्षं मानलं गेलं. त्याची किंमत तीन लाख माणसांनी नळ बंद ठेवून मोजली.

म्हणून आजचा गृहपाठ. सोपा आहे. तुमच्या घरच्या नळाला येणारं पाणी कुठल्या नदीचं, कुठल्या धरणाचं, ते कुठून उचलतात, हे शोधा. मग फोनवर नकाशा उघडा आणि तिथून नदीच्या वरच्या अंगाला बोट सरकवत जा. काय काय दिसतंय? काय सापडलं ते आम्हाला नक्की कळवा, पुढच्या भागात त्यातलं थोडं वाचून दाखवेन.

भेटू मग. तोपर्यंत ऐकत राहा, आणि हो, पाणी पीत राहा!